बंब दारात उभा

भिंगरी कॉलेजच्या बास्केटबॉल संघाची कप्तान झाली ती काही मोठ्या कर्तबगारीमुळे नव्हे. आधीच्या सगळ्या मुली पदवी घेऊन आपापल्या वाटेने गेल्या आणि उरलेल्यांत हिला एकटीला नियम नीट माहीत होते. बाकी सगळ्या पहिल्या वर्षाच्या. उत्साह उतू जाणारा आणि अनुभवाच्या नावाने शून्य. त्यातली शिडी सगळ्यांत उंच. टाचा उचलून हात वर केला की जाळी बोटांना लागायची, पण चेंडू अंगावर आला की ती डोळे मिटून घ्यायची. दुसरी खुदखुदी. तिला कशानेही हसू यायचं, आणि एकदा आलं की घरी जाईपर्यंत जायचं नाही.

त्यांच्या प्रशिक्षक होत्या रसायनशास्त्राच्या मॅडम. खेळाचे सर जिन्यावरून घसरून पाय प्लास्टरमध्ये घालून बसले होते. संघाबरोबर कोण जाईल असं स्टाफरूममध्ये विचारलं गेलं तेव्हा मॅडम पेपर तपासत होत्या, आणि नाही म्हणायचं राहून गेलं.

असा हा संघ शहराच्या खुल्या स्पर्धेत उपांत्य फेरीपर्यंत पोचला कसा, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. पहिल्या सामन्यात समोरच्या संघाची बस वाटेत बंद पडली. दुसऱ्यात समोरच्यांच्या एका खेळाडूने गडबडीत आपल्याच बास्केटमध्ये चेंडू टाकला, आणि तेवढ्यावर या जिंकल्या. खुदखुदी त्या दिवशी इतकी हसली की तिला उचकी लागली.

आता गाठ होती अग्निशमन दलाच्या बायकांशी. हा संघ वर्षानुवर्षं ही स्पर्धा जिंकत आलेला. कुणाची मुलं शाळेत, कुणाची कॉलेजात, एकीला तर जावई आलेला. आणि त्यांची कप्तान म्हणजे भिंगरीची सख्खी आत्या. भिंगरीच्या शेजारच्या खोलीत राहणारी, धुरातून माणसं खांद्यावर टाकून बाहेर आणणारी, आणि भिंगरी एवढीशी असताना तिच्या हातात पहिला चेंडू देणारीही तीच.

सामन्याच्या सकाळी आत्या नेहमीसारखी चहा पीत बसली होती. भिंगरीने विचारलं की आज जरा बेताने खेळशील का. आत्याने कप खाली ठेवला.

"कोर्टावर मी तुझी आत्या नाही. घरी आल्यावर पुन्हा आहे."

भिंगरीचे बाबा दोघींच्या मध्ये बसून ब्रेडला लोणी लावत होते. एक बहीण, एक मुलगी. ते म्हणाले, मी बरोब्बर मध्यरेषेसमोर बसणार आणि दोन्ही बाजूंना टाळ्या वाजवणार. आत्या म्हणाली, हा लहानपणापासून असाच कुंपणावर बसतो.

दुपारी बंदिस्त स्टेडियमच्या दारात लाल बंब उभा होता. आत्याच्या संघाला खेळायची परवानगी होती ती एका अटीवर: बोलावणं आलं की असाल तशा निघायचं. बंबाची ड्रायव्हर स्टिअरिंगवर हात ठेवून, खिडकीतून मान वळवून सामना बघणार होती.

शिट्टी झाली, आणि पहिल्या दोन-चार मिनिटांतच पोरींच्या तोंडचं पाणी पळालं. त्या बायका धावतच नव्हत्या. आपापल्या जागी उभ्या राहून, भाजी निवडत बसल्यासारख्या गप्पा मारत खेळत होत्या. पोरी चेंडूमागे इकडून तिकडे धावत सुटायच्या, आणि चेंडू मात्र त्यांच्या डोक्यावरून, काखेखालून, पाठीमागून हवा तिथे पोचायचा. जावई आलेली काकू शिडीला चिकटून उभी होती. तिने फार मायेने विचारलं की बाळ, एवढी उंची कुणावर गेली, आईवर का वडिलांवर. शिडी चांगल्या घरची. ती म्हणाली, आजोबांवर. तेवढ्यात तिच्या कानाजवळून चेंडू गेला आणि बास्केट झाली. पुढच्या वेळी काकूने विचारलं की आजोबा काय करायचे. शिडीने तेही सांगितलं. आणखी एक बास्केट.

भिंगरी आत्यासमोर होती. तिला वाटलं होतं, आपण आत्याला ओळखतो, ती कुठे वळणार ते आपल्याला कळेल. कळायचंही. आत्या डावीकडे वळणार हे तिला दिसायचं, ती डावीकडे जायची, आणि आत्या तिथे येऊन तिला खांद्याने अलगद बाजूला सारून पुढे जायची, जशी घरी स्वयंपाकघरातल्या अरुंद जागेत सारायची.

मध्यंतराला गुणफलकावर एकतीस-नऊ होते.

पोरी बाकावर अंग टाकून बसल्या. शिडी म्हणाली, माझ्या आजोबांची सगळी माहिती आता अग्निशमन दलाकडे आहे. झालं, खुदखुदी फुटली. तिने टॉवेल तोंडात कोंबला, तरी आवाज बाहेर आलाच. मग शिडीला हसू आलं, मग बाकीच्यांना, आणि भिंगरी कप्तान म्हणून सगळ्यांना दटावायला उठली ती हसत हसत पुन्हा खाली बसली.

मॅडम एवढा वेळ समोरच्या बाकाकडे बघत होत्या. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या की मला या खेळातलं काही कळत नाही, पण त्या बायका बघा. मुलींनी बघितलं. एक गुडघा दाबत होती, दोघी आडव्या झाल्या होत्या, आणि आत्या भिंतीला टेकून, डोळे मिटून, तोंडाने श्वास घेत होती.

"त्या गप्पा मारतात, कारण त्यांना धावायचं नाहीये," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही त्यांना धावायला लावा. बाकी काही करू नका."

डाव वगैरे काही आखला नाही. भिंगरीने एवढंच ठरवून दिलं की चेंडू हातात आला की थांबायचं नाही, जमलं तर बास्केट करायची, नाही जमलं तरी पळत राहायचं. आणि काकूंनी काही विचारलं तर उलट आपणच विचारायचं.

दुसरा भाग सुरू झाला आणि पोरींच्या अंगात वारं शिरलं. त्या अशा सुटल्या की पंचांना शिट्टी तोंडात धरून मागे धावावं लागलं. खुदखुदी हसत हसतच धावत होती. हसणारी मुलगी अंगावर चाल करून येते आहे, तिला अडवावं की तिला काय झालं ते विचारावं, हे समोरच्या बाईला कळेना. तेवढ्यात खुदखुदी तिला वळसा घालून गेली आणि बास्केट झाली. जावईवाल्या काकूने शिडीला आजीबद्दल विचारलं. शिडी म्हणाली, आधी तुमच्या जावयाचं सांगा, कसा आहे. काकूचा तो दुखरा भाग निघाला. ती सांगायला लागली, आणि सांगता सांगता शिडी तिच्या हातून निसटली.

धावून धावून बायकांचे चेहरे टोमॅटोसारखे लाल झाले. गप्पा बंद पडल्या. प्रेक्षक, जे मध्यंतराला उठायच्या बेतात होते, आता खुर्च्यांच्या टोकावर आले. बाबा मध्यरेषेसमोर बसून दोन्ही बाजूंना टाळ्या वाजवत होते. त्यांचे तळहात सुजले असणार. एकदा भिंगरीने आत्याच्या हातातला चेंडू खालून हळूच टिपला आणि धूम ठोकली. मागे आत्याची पावलं धपधप वाजत होती, मग ती मागे पडत गेली, आणि समोर फक्त जाळी. चेंडू आत गेला तेव्हा भिंगरीला वाटलं, आपले पाय जमिनीला लागतच नाहीयेत. मागे वळून बघितलं तर आत्या कमरेवर हात ठेवून वाकली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आश्चर्य होतं.

एक्केचाळीस-छत्तीस. तीन मिनिटं उरलेली. आणि दारातून बंबाची घंटा घणघणली.

पाचही जणी जिथे होत्या तिथून निघाल्या. दमलेल्या, गुडघे दाबणाऱ्या त्याच बायका. पण घंटा झाल्यावर एकीलाही काही दुखत नव्हतं. बाकावरच्याही मागोमाग गेल्या. आत्याने जाता जाता चेंडू भिंगरीच्या हातात दिला. बंब निघून गेला.

भिंगरीच्या घरात या घंटेची सवय होती, पण ती झाल्यावर कुणी फारसं बोलत नसे. बाबा टाळ्या थांबवून दाराकडे बघत राहिले.

पंच नियमांचं पुस्तक घेऊन आले. संघ पाव तासात परत आला नाही तर सामना कॉलेजला, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे अंतिम फेरी. काहीही न करता. शिडी म्हणाली की घेऊन टाकू या, पहिला सामनाही आपण बसमुळेच जिंकलो. मॅडम म्हणाल्या की नियम तो नियम, पण ठरवायचं कप्तानाने.

भिंगरीला मोठेपणा वगैरे काही सुचला नव्हता. तिच्या डोळ्यांसमोर उद्याचा नाश्ता आला. आत्या चहाचा कप घेऊन समोर बसलेली, आणि उद्याच काय, जन्मभर तिला म्हणता येणार, मी आग विझवायला गेले होते म्हणून तू जिंकलीस. हे ऐकण्यापेक्षा हरलेलं परवडलं. आणि दुसरीही एक गोष्ट होती, जी ती कुणाला सांगणार नव्हती: आत्या परत आल्याशिवाय तिला घरी जायचं नव्हतं.

"आम्ही थांबतो," ती पंचांना म्हणाली. "कितीही वेळ लागला तरी."

पंचांनी पुस्तक चाळलं. थांबायला मनाई आहे असं कुठे लिहिलेलं सापडेना. प्रेक्षकांपैकीही कुणी हललं नाही. पाय आखडू नयेत म्हणून पोरी कोर्टावर शिवाशिवी खेळायला लागल्या; मग प्रेक्षकांतली लहान मुलं उतरली, मग मॅडमवर राज्य आलं आणि मॅडम साडी खोचून खरंच धावल्या. त्यांनी पहिल्या झटक्यात पंचांना पकडलं. भिंगरी हसत होती, आणि दर थोड्या वेळाने दाराकडे बघत होती.

अर्ध्या तासाच्या वर वेळ गेला तेव्हा बंब परत आला. एक, दोन, तीन करत सगळ्या उतरल्या. आत्या सर्वांत शेवटी. नाकावर काजळीचा पट्टा, पायात मोठे बूट. फर्निचरच्या दुकानामागे पुठ्ठे पेटले होते, पोचेपर्यंत दुकानदाराने निम्मे विझवलेही होते. उरलेले यांनी विझवले, दुकानदाराने आग्रहाने चहा पाजला, आणि जाता-येता बंबात बसून पायांना विश्रांती मिळाली. पोरींना अजून कोर्टावर बघून बायका दारातच थबकल्या.

"तुम्ही गेला नाहीत?" आत्याने विचारलं.

"तीन मिनिटं उरलीत," भिंगरी म्हणाली.

आत्याने बूट काढून खेळाचे घातले. नाक तसंच राहिलं. आता गंमत अशी झाली की बायका ताज्यातवान्या आणि पोरी शिवाशिवी खेळून घामाघूम. खेळ सुरू होताच बायकांनी लागोपाठ दोन बास्केट केल्या. पंचेचाळीस-छत्तीस. पण पोरींना आता कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. भिंगरीने दोनदा आत्याला चकवून बास्केट केली, दुसऱ्यांदा तर तिच्या काळ्या नाकाकडे बघून हसू दाबता दाबता. खुदखुदीने मधूनच कुठूनतरी एक बास्केट केली. आणि अगदी शेवटच्या क्षणी भिंगरीने वर बघितलं तर मोकळी होती फक्त शिडी. दुसरं कुणीच नव्हतं. तिने डोळे झाकून देवाचं नाव घेतलं आणि चेंडू तिच्याकडे फेकला.

शिडीने डोळे मिटले नाहीत. चेंडू पकडला, टाचा उचलून उडी मारली, आणि कपाटावर डबा ठेवावा तसा अलगद जाळीत ठेवला. शिट्टी झाली.

शिडीची आयुष्यातली ती पहिली बास्केट. पोरी किंचाळत तिच्यावर तुटून पडल्या. बाकावरच्या पळत आल्या, मॅडम आल्या, बाबा मध्यरेषा सोडून आले, लहान मुलं आली. कोर्टाच्या मधोमध माणसांचा ढीग झाला आणि तळातून शिडीचा आवाज येत होता की माझा हात कुणीतरी द्या. प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते. अग्निशमन दलाच्या बायका बाजूला उभ्या राहून हे बघत होत्या. शेवटी जावईवाल्या काकूने पंचांची बाही ओढली.

"अहो, जिंकलो आम्ही ना?"

पंचांनी गुणफलक दाखवला. पंचेचाळीस-चव्वेचाळीस. एका गुणाने बायकाच जिंकल्या होत्या. हे ढिगाला सांगायचं कुणी, असा प्रश्न होता. आत्या म्हणाली, सांगू नका एवढ्यात, आणि स्वतःच हसत हसत खाली कोर्टावर बसली. बसली ती बसलीच. गुडघे उठू देईनात. ढीग विस्कटल्यावर पोरींनीच धुरातून माणसं काढणाऱ्या या बायकांना एकेक करून हाताला धरून उभं केलं. हरल्याचं पोरींना तेव्हा कळलं, पण तोवर त्यांचं हसणं इतकं पुढे गेलं होतं की ते मागे आणणं कुणाला जमलं नाही.

संध्याकाळी घरी एकाच टबात गरम पाणी घालून दोघी समोरासमोर पाय बुडवून बसल्या. जागा पुरत नव्हती, म्हणून पायांची ढकलाढकली चालू होती. बाबा किटलीतून पाणी वाढवत होते.

आत्याने विचारलं की पंच तुम्हाला सामना द्यायला तयार होते, हे खरं का. भिंगरीने मान डोलावली.

"मी असते तर घेतला असता," आत्या म्हणाली.

भिंगरी तिच्याकडे बघतच राहिली. बाबांच्या हातातली किटली तिरकी झाली. आत्या अगदी गंभीर होती, नाकावर अजून काजळी, आणि तिला ती आहे हे कुणी सांगितलेलंच नव्हतं. भिंगरीला पुन्हा हसू फुटलं, आणि या खेपेला ते खुदखुदीसारखं झालं, थांबेचना.

"काय झालं?" आत्याने विचारलं. "अगं, झालं काय?"

भिंगरीने पाण्यातून पाय काढून तिच्या नाकाकडे अंगठ्याने खूण केली, आणि निम्मा टब जमिनीवर सांडला.