लांब दांड्याची पळी

आईच्या स्वयंपाकघरातली लांब दांड्याची पळी सापडत नव्हती, आणि ती सापडेपर्यंत मला स्वस्थ बसवत नव्हतं.

घरात तिच्याहून कितीतरी मोलाच्या वस्तू होत्या आणि त्या मी फारसं न बघता खोक्यांत भरत होते. चादरी, चष्मे, पुस्तकं, बाबांचं घड्याळ. पळीचं मात्र डोक्यातून जाईना. लहानपणी माझा हात वरच्या फळीवरच्या डब्यापर्यंत पोचायचा नाही, तेव्हा मी तो त्या पळीनं पुढे ओढायचे. एवढी एकच वस्तू मला हवी होती. मी चौथ्यांदा की पाचव्यांदा भांड्यांचं कपाट उघडलं, बंद केलं, खिडकीशी गेले, परत आले.

दादाचा फोन आला. "झालं का? उद्या दुपारी घरमालकाला चाव्या द्यायच्यात."

"पळी सापडत नाहीये."

"अगं, नवीन घे. दोन आणतो, हवं तर."

मी फोन ठेवला आणि पुन्हा उभी राहिले. आज घरात काहीतरी कमी होतं, पळीखेरीज. बराच वेळ लक्षात येईना. मग कळलं, आवाज नव्हता. मी आल्यापासून रोज सकाळी मागच्या बाजूनं खण्ण खण्ण असा आवाज यायचा. कुणीतरी स्टीलचं भांडं आपटल्यासारखा. थोडा वेळ चालायचा, मग थांबायचा. शेजारी कुणीतरी भांडी घासत असेल म्हणून मी सोडून दिलं होतं. आज तो आलाच नव्हता.

मी मागचं दार उघडलं.

तळमजल्यावरच्या प्रत्येक घराला मागे फरशी घातलेलं चिंचोळं अंगण होतं. आमचं आणि शेजाऱ्यांचं अंगण वेगळं करणारी भिंत माझ्या खांद्याएवढी. भिंतीला लागून आईचं लाकडी स्टूल उभं होतं. याच स्टूलवरून ती पडली. या वयात स्टूलवर चढायची तिला काय हौस होती, हे आम्हाला कुणालाच कळलं नव्हतं. कपडे वाळत घालत असेल, असं दादानं ठरवून टाकलं होतं. पण दोरी समोरच्या बाजूला होती, आणि आईचा हात तिला जमिनीवरूनच पुरायचा. मी त्यावर वाद घातला नव्हता. तेव्हा कशावरच घातला नव्हता.

मी स्टूलवर चढले आणि पलीकडे वाकून पाहिलं.

भिंतीखालीच एक पिंजरा होता, वरून जाळी ठोकलेला. आत करड्या रंगाचा ससा कोपऱ्यात अंग आक्रसून बसला होता. मागच्या पायांची लव पिवळी पडून चिकटलेली, नखं वळून आत गेलेली. स्टीलचं भांडं उपडं पडलं होतं, म्हणजे रोजचा तो खण्ण खण्ण आवाज यानंच ते आपटल्याचा. आजूबाजूला पावाचे तुकडे, काही वाळलेले, काही बुरशी धरलेले. पिंजऱ्याच्या कोपऱ्यावर नळ ठिबकत होता आणि आतली एक फरशी ओली होती. त्यावरच तो जगला असावा. मी जीभ टाळ्याला लावून आवाज केला. त्यानं कानही हलवला नाही.

आणि पिंजरा आणि भिंत यांच्या मधल्या फटीत आईची पळी पडली होती.

मी स्टूलवरून उतरले. घरात गेले. पाणी प्यायला ग्लास घेतला आणि तसाच ठेवला. फ्रिज उघडला. भाजीवालीनं पहिल्याच दिवशी न मागता दिलेली पिशवी तिथे होती. फ्लॉवरची पानं, मुळ्याचा पाला, कोथिंबिरीच्या काड्या. "आईंचं नेहमीचं," ती म्हणाली होती आणि पटकन दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली होती. आई हल्ली पाल्याचंच काही करून खात असेल, असं मला वाटलं होतं. ती पिशवी मला टाकवली नव्हती, इतकंच.

म्हणजे ती रोज स्टूलवर चढायची, जाळीच्या फटीतून पळीनं पाला आत सोडायची, पळीनंच पाणी ओतायची. दुसऱ्यांच्या सशाला. आणि त्यांना ती एका शब्दानं बोलली नसणार. आईची ती जुनी रीत. कुणी काही करायचं चुकलं की ती ते गुपचूप करून टाकायची, म्हणजे कुणाचं चुकलं हे कधी निघायचंच नाही. बाबांचं असंच, दादाचं असंच. माझंही असणारच.

मी शेजाऱ्यांच्या दाराशी गेले. बेल बंद होती. दार वाजवलं, पुन्हा वाजवलं. घरातल्या बाई इस्पितळात नर्स. सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणायची. रात्रपाळी करून येत आणि कानात बोळे घालून झोपत. त्यांचे यजमान बेकरीत, ते उजाडण्यापूर्वी जाऊन दुपारी येत. ससा त्यांच्या मुलीचा, ती शिकायला वसतिगृहात गेलेली. एवढं मला आईच्या बोलण्यातून माहीत होतं. आणखी एक गोष्ट माहीत होती. स्टूल पडल्याचा आवाज ऐकून सिस्टरच धावत आल्या होत्या. रुग्णवाहिकेत आईचा हात त्यांच्या हातात होता. मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं, आणि तोवर त्या तिथेच बसून होत्या, अंगावर रात्रपाळीचाच गणवेश.

म्हणून मी दार अधिक जोरात वाजवलं नाही. परत आले, दोन खोल्यांत फेऱ्या मारल्या. पाला आत टाकून, पाणी ओतून निघून जाता येत होतं. आईनं तेच केलं असतं. पण उद्या दुपारी माझ्या हातात चाव्या नसणार होत्या आणि परवा स्टूलवर कुणीच नसणार होतं.

टॉवेल घातलेली टोपली आधी पलीकडे सोडली आणि मी भिंत ओलांडली. सोपं गेलं नाही, गुडघा सोलला. पिंजऱ्याचं दार उघडून सशाला दोन्ही हातांनी खालून आधार देऊन उचललं. त्यानं पाय झाडले नाहीत, याचीच मला जास्त भीती वाटली. आईच्या टॉवेलात गुंडाळून त्याला कपड्यांच्या टोपलीत ठेवलं. पळी काखेत मारली. अंगणाच्या फाटकापुढे बेकरीचे रिकामे क्रेट रचलेले होते, ते बाजूला केले आणि गल्लीत बाहेर पडले. समोरच्या दुकानदारानं टोपलीकडे पाहिलं, पळीकडे पाहिलं आणि शहाण्यासारखं तोंड फिरवलं.

जनावरांच्या डॉक्टर तरुण होत्या आणि चिडक्या.

"किती दिवस खात नाही?"

"माहीत नाही."

"तुमचा ससा, आणि तुम्हाला माहीत नाही?"

माझा नाही, हे शब्द ओठांवर आले होते. मी म्हटलं, "नाही माहीत."

त्यांनी त्याचं तोंड उघडून मला दाखवलं. पुढचे दात वाढून एकमेकांत अडकले होते. "याला गवत लागतं, दिवसभर चघळायला. पाव नाही! पाव घालतं का कुणी?" त्यांनी पोट दाबून पाहिलं. "आतडी थंडावलीत. दात कापते, औषध देते. ही भुकटी पाण्यात कालवून सिरिंजनं थोडी थोडी भरवायची. उद्या सकाळपर्यंत लेंड्या पडल्या, तर वाचला."

"आणि नाही पडल्या तर?"

"पडायला हव्यात," त्या म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या.

दुपारी मी शेजारचं दार पुन्हा वाजवलं. या वेळी दोघंही घरात होती. ते नुकतेच आलेले, भुवयांवर पीठ. त्या नुकत्याच उठलेल्या. मी टोपली त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली. ससा पाहून सिस्टरांची झोप उडाली.

"ताई, तुम्ही आमच्या अंगणात शिरलात?"

"हो. दार वाजवलं होतं आधी."

"म्हणून भिंतीवरून यायचं? मला उठवायचं ना!"

"तो मरायला टेकला होता, सिस्टर."

"मरायला?" त्या यजमानांकडे वळल्या. "तुम्ही घालत नव्हता काही त्याला?"

"मी?" ते म्हणाले. "मी कशाला घालू? तू घालायचीस ना!"

"मी कधी? ड्यूटीवरून येते तेव्हा भांडं भरलेलं असतं. मला वाटायचं, हे जाताना घालतात. म्हटलं, एक तरी काम न सांगता करतात!"

"उजाडायच्या आत अंधारात पाला कुठून आणू मी? दुपारी येऊन खिडकीतून बघायचो, पाला, पाणी, सगळं जिथल्या तिथे. म्हटलं, हिचं बरं लक्ष आहे. मधे पाला दिसेनासा झाला. वाटलं, हिनं सोडून दिलं. बोललो असतो तर पुन्हा तोंडाला तोंड, म्हणून गुपचूप पाव टाकायला लागलो."

"आणि मला तो पाव दिसला! वाटलं, पाला आणायचा कंटाळा केलात, बेकरीतला शिळा पाव खपवताय. म्हटलं, आता काही बोलायचंच नाही!"

एकाच घरात राहून दिवसाकाठी जेमतेम भेटणारी माणसं, आणि भेटीत भांडण नको म्हणून दोघंही गप्प. रागावायचं म्हणून मी आले होते, पण राग नीट कुठेच बसेना.

"मग पाला कोण घालत होतं?" यजमानांनी विचारलं.

मी पळी दोघांच्या मधे टेबलावर ठेवली. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, त्यातलं काहीच आठवेना. "ही तुमच्या पिंजऱ्यामागे सापडली," मी म्हटलं. "आईची आहे."

सिस्टर पळीकडे बघत राहिल्या. मग खुर्ची ओढून बसल्या.

"त्या दिवशी पाला सांडला होता सगळीकडे," त्या हळूच म्हणाल्या. "काकूंच्या अंगावर, फरशीवर. मला वाटलं, भाजी निवडत होत्या. मीच तो गोळा केला. कचऱ्यात टाकला."

नळ ठिबकल्याचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत येत होता. यजमान उभ्या उभ्या भुवयांवरचं पीठ पुसत राहिले.

"ताई, आमच्यामुळे..."

"तसं मी म्हटलेलं नाही," मी म्हणाले. ते खरं होतं. तसं वाटत नव्हतं असं मात्र नाही, आणि त्यांना ते दिसत असणार. "तिनं तुम्हाला सांगायला हवं होतं. एकदा दार वाजवून सांगितलं असतं तर चार दिवस तुमचं भांडण झालं असतं, आणि मिटलं असतं."

सिस्टरांनी डोळे पुसले नाहीत. त्यांनी टोपली पुढे ओढली, टॉवेल उलगडून परत घट्ट गुंडाळला, नुसतं डोकं बाहेर ठेवलं, आणि माझ्याकडे हात केला. "सिरिंज द्या." मी दिली. त्यांनी ओठाच्या कडेनं थेंब थेंब सोडायला सुरुवात केली. "गिळ रे. गिळ, राजा. असे हट्टी पेशंट रोज बघते मी." तिसऱ्या थेंबाला त्याचा जबडा हलला. त्यांनी मान वर न करता यजमानांना सांगितलं, "इस्पितळात कळवा, आज येत नाही म्हणावं. आणि तो नळ बंद करा आधी."

संध्याकाळी दादाला फोन केला. चाव्या उद्या संध्याकाळपर्यंत देईन, दुपारी नाही.

"आता काय झालं?"

"सशाच्या लेंड्यांची वाट बघतेय."

"तू घर रिकामं करायला गेलीयेस की प्राणिसंग्रहालय काढायला?"

"आई स्टूलवर का चढली ते कळलंय," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं. त्याची थट्टा थांबली. म्हणाला, "मला म्हणाली असती तर मी गवताचा भारा आणून टाकला असता." आई त्याला कधीच म्हणाली नसती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

रात्री झोप अशी लागलीच नाही. उरलेली खोकी बांधली, एक बांधलेलं पुन्हा सोडलं. सकाळी उजेड फुटताच मागे गेले आणि सवयीनं स्टूलवर पाय ठेवला. मग खाली घेतला. समोरून जाऊन त्यांचं दार वाजवलं.

यजमानांनी उघडलं. ते कामावर गेले नव्हते. आत स्वयंपाकघरात जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं होतं. एका बाजूला ससा, दुसऱ्या बाजूला केस विस्कटलेल्या सिस्टर, गुडघ्यांवर हात टेकून वाकलेल्या.

"या, ताई, बघा."

बारीक, वाटाण्याहूनही लहान, वेड्यावाकड्या काही लेंड्या कागदावर पडल्या होत्या. तिघं मोठी माणसं त्यांच्यावर ओणवी होऊन बघत होतो. आधी सिस्टर हसल्या, मग यजमान. माझ्याही तोंडून आवाज निघाला, तो हसण्याचाच होता असं मी धरून चालले. सशानं आमच्याकडे पाठ फिरवली आणि कोथिंबिरीची एक काडी ओढून हळूहळू आत घेतली. पिवळी पडलेलीच होती ती, मी काल टोपलीबरोबर दिलेल्या आईच्या नेहमीच्या पिशवीतली.

"गवत आणायला निघालोच आहे," यजमान म्हणाले. "सकाळी मी, संध्याकाळी ही. ठरलंय आमचं."

"बोलून ठरवलंय," सिस्टर म्हणाल्या.

मी निघाले तेव्हा त्या दारापर्यंत आल्या. हातात पळी होती, धुऊन लख्ख पुसलेली. ती माझ्यापुढे धरली, पण सोडली नाही.

"ताई, एक मागू? ही इथेच राहू दे का? काकूंची आठवण. हिनंच घालत जाईन त्याला."

मला त्यांना नाही म्हणायचं नव्हतं. रुग्णवाहिकेतला तो हात हाच होता. क्षणभर वाटलं, द्यावी, हसावं, निघून जावं.

"नाही, सिस्टर," मी म्हटलं. "ती मधे भिंत होती म्हणून आईला लागायची. तुम्हाला दार आहे."

त्यांनी पळी सोडली.

मी ती खोक्यात भरली नाही. संध्याकाळी चाव्या द्यायला गेले तेव्हा ती माझ्या पिशवीतून दांड्यानिशी बाहेर डोकावत होती आणि घरमालक तिच्याकडे बघत होते. मागच्या बाजूनं एकदाच खण्ण असा आवाज आला. लगेच एक दार उघडल्याचाही.