प्रेमलतेनं म्हटलेलं ग्रीक

माझ्या नणंदेला लॅटिन शिकवायचं ठरलं ते एका बांधाच्या भांडणातून. माझे सासरे केशवराव संत्र्याच्या बागेच्या बांधासाठी छिंदवाड्याच्या कोर्टात हेलपाटे घालायचे. समोरचा वकील मधूनच एखादा लॅटिन शब्द फेकायचा आणि जज्जसाहेब मान डोलवायचे. सासरे हरले आणि घरी येऊन म्हणाले, "ज्याले ते लॅटिन येते, थोच जिंकते." झालं. प्रेमलता मॅट्रिक होताच तिला नागपूरला मिशनच्या कॉलेजात घातलं. पुढचा बांध ती जिंकून देणार होती.

पोरगी वकिलीच्या वाटेला गेलीच नाही. तिथल्या म्हाताऱ्या फादरनं लॅटिनच्या जोडीला ग्रीकही शिकवायला घेतलं आणि ही त्यात अशी बुडाली, की सुटीत घरी रामाकोन्याला आली तरी बागेत फेऱ्या मारत मोठ्यानं पाठ करायची. मला आधी वाटलं, हिला बाहेरचं काही लागलं. मग मीच काहीतरी निमित्त काढून मागोमाग जायला लागले, ऐकायला. एकेका ओळीपायी ती दुपार घालवायची, आणि अर्थ लागला की तिचं तोंड असं उजळायचं, की सातवीत शाळा सुटलेल्या मला हेवाच वाटायचा. घरात लाडावलेली होती, कामाला हात लावायची नाही, त्यावरून मी तिला बोलायचेही. पण अभ्यासाला तिच्याइतकी चिवट बाई मी दुसरी पाहिली नाही.

छप्पन्न सालच्या दसऱ्यानंतर पांढुर्ण्याचं स्थळ आलं. मुलगा श्रीकांत नागपूरच्या सचिवालयात होता. नवी राज्यं होत होती. नागपूर मुंबईकडे गेलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो, आणि श्रीकांतची खुर्ची निघाली भोपाळला. म्हणून त्याच्या आईला, कलाबाईंना, तुळशीचं लग्न लागलं की लगेच बार उडवायचा होता. प्रेमलतेची बी.ए.ची परीक्षा मात्र मार्चमध्ये. इतकी वर्षं शिकून ऐन शेवटी तिला अभ्यास सोडून उठावं लागणार होतं. तिनं बापाला सांगून पाहिलं, रुसून पाहिलं. सासऱ्यांना चालून आलेलं स्थळ घालवायचं नव्हतं.

पाहुणे आले, पोहे झाले. कलाबाईंनी तिला काहीतरी म्हणून दाखवायला सांगितलं. हिच्या गळ्यात गाणं नाही, म्हणून मीच कानाशी लागून सांगितलं, एखादं स्तोत्र म्हण. हिनं डोळे मिटले आणि बागेत म्हणायची तेच सुरू केलं. लय संथ, आवाज स्वच्छ. कलाबाईंनी डोक्यावरून पदर घेतला आणि हात जोडले. त्यांचं पाहून आमच्या शेजारणींनीही जोडले. सासरे तर मांडीवर ताल धरून बसले. मला हसूही आवरेना आणि धाकधूकही होत होती.

संपल्यावर कलाबाई म्हणाल्या, इतकं शुद्ध संस्कृत त्यांनी कुठल्या भटजीकडून ऐकलं नव्हतं. मुलगी पसंत होती. सासऱ्यांनी मला साखर आणायला खुणावलं. मी जाता जाता प्रेमलतेला डोळ्यांनीच दटावलं, गप्प राहा म्हणून. गप्प राहील तर ती प्रेमलता कसली.

"हे देवाचं नाही जी," ती म्हणाली. "ग्रीक आहे. एका आईनं आपल्या मेलेल्या पोरीच्या समाधीवर लिहून ठेवलं होतं."

जोडलेले हात सुटले. सोयरीक जुळताना मेलेल्या माणसाविषयी बोलणं, म्हणजे अपशकुनच. सासऱ्यांचा चेहरा पार उतरला. श्रीकांत उठायच्या बेतात होता, पण कलाबाईंनी त्याला हातानंच खाली बसवलं.

"काय म्हणून राहिली ते बाई त्याच्यात?" त्यांनी विचारलं.

प्रेमलतेनं सावकाश सांगितलं. "रस्त्यानं जाणाऱ्या माणसा, थांब जरा. माझ्या पोरीचं नाव एकदा मोठ्यानं घे. घरात आता कोणी घेत नाही."

कलाबाईंची नजर उंबऱ्याकडे गेली. मग म्हणाल्या, "मीना."

श्रीकांतनं मान खाली घातली. त्याची धाकटी बहीण तापानं गेली होती एवढं आम्हाला ठाऊक होतं, तिचं नाव मात्र त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. हातात साखरेची वाटी धरून मी रडत उभी राहिले. कुठली ती ग्रीक बाई, कुठलं तिचं गाव. तिचं दुःख हजारो वर्षांनी पांढुर्ण्याच्या आईपर्यंत पोचलं, ते आमच्या पोरीनं पोचवलं. मला तिचा इतका अभिमान वाटला, की सासरे बांध हरले ते बरंच झालं असं मनात आलं.

कलाबाईंनी डोळे पुसले आणि परीक्षा कधी ते विचारून घेतलं. मग लग्न वैशाखात, आणि तोवर श्रीकांत भोपाळात आपल्या हातानं पोळ्या लाटेल, असं त्यांनी सांगून टाकलं. सासऱ्यांनी तुळशीच्या लग्नाचं काही काढलं, ते त्यांनी कानावरच घेतलं नाही.

निघताना त्यांनी प्रेमलतेचा हात धरला. "पुन्हा म्हण बाई एकदा. तिचं नाव घालून."

प्रेमलतेनं म्हटलं. त्या सगळ्या परक्या शब्दांत आम्हाला एकच शब्द कळला, आणि तो कलाबाईंनी तिच्याबरोबर मोठ्यानं म्हटला.