पुढच्या रांगेतली कोपऱ्याची खुर्ची

"मावशी, पाण्याची बाटली आत चालत न्हाय," दारावरची मुलगी म्हणाली.

मी तिला सांगितलं की बाई, मी गाळून उकळलेलंच पाणी पिते, माझा नियम आहे. ती उद्धट नव्हती. तिनं बाटलीवर कागद चिकटवला, माझं नाव विचारून त्यावर 'राजमती मावशी' असं लिहिलं आणि बाटली टेबलाखाली ठेवली. जाताना न्या म्हणाली. म्हणजे सिनेमा संपेपर्यंत पाणी नाही. मी मनातल्या मनात तेवढ्या वेळाचा पाण्याचा त्याग करून टाकला. रोज सकाळी काही ना काही सोडायचं मला वळण आहे, त्यामुळे ते जड गेलं नाही. जड गेलं ते पुढं जाणं.

आमचे हे केव्हाच पुढं गेले होते. वय साठ, अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, आणि भोवती कॉलेजची पोरं, लहान मुलांना खांद्यावर घेतलेले बाप. कुठलं तरी पोरगं हातात प्लास्टिकचा निळा ट्रक घेऊन आलं होतं. त्याच ट्रकचा सिनेमा होता. दुकानात मिळणारी ती खेळणी, ज्यांची चाकं-दारं फिरवली की गाडीचा माणूस होतो, त्यांच्यावर परदेशात कोट्यवधी खर्चून सिनेमे काढतात. असला कुठलाही सिनेमा कोल्हापुरात लागला की आमचे हे पहिल्या आठवड्यात जाऊन येतात. एकटे. गेली कितीतरी वर्षं.

याची सुरुवात जिनेशपासून झाली. आमचा मुलगा नऊ वर्षांचा असताना त्याच्याकडं असला एक ट्रक होता. यांनी तो एका रविवारी खोलून त्याचे सगळे सांधे जमिनीवर मांडले आणि संध्याकाळपर्यंत परत जोडला. "असा सांधा आमच्या फौंड्रीत कुणाला बसवता येणार न्हाय," असं म्हणून दिवसभर खूश होते. मग बापलेक मिळून तो सिनेमा बघून आले. जिनेश मोठा झाला, पुण्याला नोकरीला गेला, त्याची आवड सुटली. यांची सुटली नाही.

मला त्याची लाज वाटायची, हे खरं सांगायला हवं. आमच्या बस्तीत, म्हणजे देवळात, सकाळच्या पूजेला येणाऱ्या बाळाबाई मला एकदा सगळ्यांसमोर म्हणाल्या, "राजमती, तुझा बाबासो पोरांच्या लायनीत हुबा होता की गं काल. नातू झाला काय तुला, आमास्नी न सांगता?" सगळ्या हसल्या. मीही हसले आणि घरी येऊन रडले.

यंदा चातुर्मासाला आमच्या बस्तीत माताजी, म्हणजे जैन साध्वी, उतरणार होत्या. पहिल्या दिवशी हातात नारळ घेऊन प्रत्येकानं त्यांच्यासमोर एकेक गोष्ट सोडायची असते. मी यांना म्हटलं, तुम्ही हे सिनेमे सोडा. चार महिने नव्हे, कायमचे. त्यात नुसती मारामारी, घरं पडतात, माणसं चिरडतात. आपल्या धर्माच्या माणसानं पैसे देऊन ते का बघायचं?

यांनी माझ्या तोंडाकडं बघत सगळं ऐकून घेतलं. यांची सवयच ती, बोलणाऱ्याच्या तोंडाकडं टक लावून बघायची. मग म्हणाले, "सोडतो. पर एकदा माझ्यासंगं येऊन बघ. मग सोडतो."

म्हणून मी आले होते. उद्या रविवार, उद्या नारळ. आज शेवटचा सिनेमा.

तिकीट देणाऱ्या पोरानं यांना ओळखलं. "काका, आज दोन?" यांनी मोठ्या आवाजात सांगितलं, "पुढची रांग, कोपरा. भोंग्याखालची." यांचं बोलणं पहिल्यापासून मोठ्यानं. फौंड्रीत तीस वर्षं फेटलिंगला काढलेली, म्हणजे ओतून आलेल्या लोखंडाच्या कडा ग्राइंडरवर घासायच्या. तिथं हळू बोलून चालत नाही. आणि कोल्हापुरात मोठ्यानं बोलणाऱ्याकडं वळून कोण बघतं?

खुर्चीत बसताच यांनी चपला काढल्या आणि दोन्ही पावलं फरशीवर सपाट टेकवली. तळहात खुर्चीच्या हातांवर ठेवले. मला वाटलं, सामायिकाला, म्हणजे ध्यानाला, बसल्यासारखे बसले आहेत.

मग सुरू झालं. चालता ट्रक मधेच उभा राहायचा, त्याची दारं हात व्हायची, चाकं खांद्यावर चढायची. ते लोखंडी राक्षस एकमेकांवर आदळायचे तेव्हा माझ्या दाढा हलायच्या. मी पदरानं कान झाकले. डोक्यावरचा स्पीकरचा भोंगा इतका जवळ होता की छातीत कुणीतरी उखळात कांडतंय असं वाटत होतं. मी चोरून यांच्याकडं बघितलं. पडद्याच्या उजेडात यांचा चेहरा मोकळा झाला होता. ओठ थोडे उघडे, जिनेशच्या जन्माच्या वेळी होते तसे.

अर्धा भाग झाल्यावर एक शांत प्रसंग आला. तो निळा ट्रक मोडून पडला होता आणि एक लहान मुलगी त्याच्या लोखंडी बोटाला टेकून हळू काहीतरी बोलत होती. सगळं थिएटर चिडीचूप झालं. माझ्या मागं बसलेली एक बाई नाक ओढत होती. आणि काय सांगू, लोखंडाचं ते खेळणं, पण त्याचं मरण मला बघवेना. यांनी मात्र डोळे मिटले होते. झोपले असतील म्हणून मी हलकेच म्हटलं, "अहो, मरतंय का हो ते?"

हे हलले नाहीत.

मी जरा मोठ्यानं म्हटलं, "अहो, मला फार तहान लागलीय. बाहेर जाऊन येऊ?"

मागची बाई म्हणाली, "काकू, हळू बोला." दोन रांगा सोडून कुणीतरी शुक शुक केलं. सगळ्यांना ऐकू गेलं होतं. माझ्या खांद्याला खांदा लावून बसलेल्या माणसाला नव्हतं.

मग भोंगा धडाडला. फरशी हलली, आणि यांनी पावलं घट्ट टेकवून डोळे उघडले.

पुढचा सिनेमा मी बघितला नाही. यांच्याकडंच बघत बसले, आणि एकेक आठवत गेलं. जिनेशचा फोन आला की "तूच बोल" म्हणून माझ्या हातात द्यायचे. बातम्या लावायचे त्या आवाज बंद करून. मी जप करते म्हणून ते आवाज बंद ठेवतात असं मला वाटायचं. बस्तीत मी कितीदा अभिमानानं सांगितलं होतं की आमच्या यांना माझ्या नियमांची केवढी कदर. उजेडात हे माझ्या तोंडावरून वाचत होते. अंधारात मी यांच्याशी कधी काही बोललेच नव्हते.

सिनेमा सुटल्यावर बाटली घेतली. बाहेर पायऱ्यांवर दुपारचं ऊन होतं. मी यांच्यासमोर उभी राहिले, तोंड यांच्या तोंडासमोर आणून विचारलं, कधीपासून?

यांना लगेच कळलं. खोटं बोलले नाहीत. "उजवा कान गेला तवा जिनेश दहावीला हुता. डावा मागनं, हळूहळू. आता भोंग्याखाली बसलं की तेवढं छातीत वाजतं. ह्या सिनेमात बोलणं कमी असतंय. जे हाय ते डोळ्याला दिसतं. गाडीचा माणूस झाला, माणसाची गाडी झाली. कळायचं काय राहत न्हाय."

"मला का नाही सांगितलंत?"

हे एक पायरी उतरले. मग म्हणाले, "पयल्यांदा कामावरनं काढतील म्हणून. आणि मागनं, सांगणार कवा? कामावरनं आलो की जेवाण. जेवताना तुझं मौन."

यात रुसवा नव्हता. पाऊस पडतो, तसं सांगितलं त्यांनी. जिनेशची दहावी नीट पार पडावी म्हणून मी त्या वर्षी जेवतानाच्या मौनाचा नियम घेतला होता. ताटावर बसल्यापासून हात धुवेपर्यंत एक शब्द नाही. मुलगा पास झाला, नियम मी दर चातुर्मासाला वाढवत नेला. अकरा वर्षं झाली. त्याच वर्षी या घरात एकाच वेळी दोघं गप्प झालो होतो, आणि मला माझंच मौन तेवढं माहीत होतं.

चालता चालता म्हणाले, "उद्या सोडतो. बोललोय तसं." मी बाटली काखेत धरून मागून चालले. काही बोलले असते तरी कळलं नसतं, हे पुढं बघून चालत होते.

दुसऱ्या दिवशी बस्तीत गर्दी होती. एकेक जण नारळ ठेवत होता. कुणी साखर सोडली, कुणी बाहेरचं खाणं. बाळाबाईंनी दिवसाची झोप सोडली. यांची पाळी आली. हे नारळ दोन्ही हातांत धरून उभे राहिले. माताजींनी मान खाली घालूनच विचारलं, काय सोडता? त्यांच्या तोंडासमोर मोरपिसांची पिंछी होती. यांना काहीच दिसेना. हे नुसते उभे. मागं कुजबुज सुरू झाली, बाबासोंचं धाडस होत न्हाय जणू. यांनी वळून माझ्याकडं बघितलं. कारखान्यात नवीन मशीनसमोर उभा केलेला माणूस मेस्त्रीकडं बघतो, तसं.

मी पुढं गेले. मला नेहमी वाटायचं की माणसानं काही धरून ठेवलं की त्याचं पुण्य वाढतं. त्या वेळी वाटलं नाही.

मी हात जोडून म्हणाले, "माताजी, यांना ऐकू येत नाही. यांचा नियम मी मागितला होता, तो मी मागं घेते. आणि माझं जेवतानाचं मौन मुदतीचं होतं, ते काल संपलं. यंदा मला ते नको. दुसरं द्या."

बाळाबाईंनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी चप्पल घालून आत आले. माताजींनी मान वर केली. यांच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग म्हणाल्या, "गोड सोडा. दोघांनी." आणि यांना हातातला नारळ पुढं ठेवायची खूण केली.

यांना वाटलं, सिनेमा गेला. नमस्कार करून बाहेर आले तेव्हा चेहरा शांत होता. शब्द पाळलेल्या माणसाचा असतो तसा. वाटेत माणसं भेटत राहिली, भाजी घ्यायची होती, मला रस्त्यात थांबून सांगणं जमलं नाही. की मला ते घरी, ताटावरच सांगायचं होतं, कोण जाणे.

संध्याकाळी ऊन असतानाच पानं मांडली. दिवस मावळल्यावर आम्ही जेवत नाही. रविवार, म्हणून आमटीत मीठ नव्हतं. आठवड्याचा एकेक दिवस एकेक चव सोडायची माझी पद्धत हे माझ्यासोबत न बोलता पाळत आले आहेत. समोरासमोर बसलो. यांनी मान खाली घातली आणि जेवायला लागले. अकरा वर्षं हे असेच जेवत आले होते, ताटाकडं बघत. माझ्याकडं बघून उपयोग नव्हता ना.

मी हाक मारली. आवाज माझाच मला परका वाटला. हे भाकरी मोडत होते.

मग मी डाव्या हाताचा तळवा जमिनीवर आपटला. एकदा, आणि परत एकदा जोरानं. वाटीतली आमटी हलली.

यांचा घास हातातच थांबला. मांडी घातलेल्या पायांनी फरशी ऐकली होती. वर बघितलं त्यांनी. माझे ओठ हलताना बघून घाबरले आणि पटकन बोट स्वतःच्या ओठांवर ठेवलं. मला आठवण करून दिली. जेवतोय आपण. तुझं मौन.

मी हात लांब करून ते बोट खाली घेतलं. बोटाला आमटी लागली होती. तोंडावर खिडकीचा उजेड येईल अशी जरा सरकून बसले आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "पुढचा लागला की मला सांगा."

हे माझ्या तोंडाकडं बघत राहिले. पुन्हा म्हण, अशी मान हलवली.

मी पुन्हा म्हटलं.