लेस्टर नोस्केची मॅच

ब्रॉनने उंच उडी घेतली, चेंडू तिच्या बोटांना लागला आणि मागून झेपावलेल्या मुलीचा गुडघा तिच्या कानशिलावर बसला. ती खाली आली ती हात पुढे न करता. सीमारेषेवर उभ्या असलेल्या लेस्टरने एवढंच पाहिलं आणि तो धावत सुटला. पडताना माणूस आपोआप हात टेकतो. जो टेकत नाही, त्याची शुद्ध हवेतच गेलेली असते.

लेस्टर ऑस्ट्रेलियातल्या टारानुक गावच्या फुटबॉल क्लबचा ट्रेनर होता. तिथला फुटबॉल हातांनीही खेळतात, उंच उडी मारून चेंडू झेलतात. घोट्यांना पट्ट्या बांधायच्या, पोटऱ्या चोळायच्या, पाणी पुरवायचं आणि कुणाला लागलं तर बाहेर आणायचं, हे त्याचं काम. ब्रॉन त्याची एकुलती एक मुलगी आणि मुलींच्या संघाची कप्तान. गावाने मुलींचा संघ उभा करून फार दिवस झाले नव्हते आणि आज तो पहिल्यांदा अंतिम सामन्यात उतरला होता. मैदानाच्या कडेने गाड्या दाटीवाटीने उभ्या होत्या. आपला गोल झाला की सगळे बसल्या जागी हॉर्न वाजवत. ब्रॉन पडली तसं सगळं चिडीचूप झालं.

थोड्या वेळात ती उठून बसली. लेस्टरच्या खांद्यावर हात टाकून चालतही आली. तिला कपडे बदलायच्या खोलीत नेईपर्यंत चारपैकी तिसरा भाग संपल्याचा भोंगा झाला. टारानुक पुढे होतं, पण जेमतेम.

टारानुकमध्ये लेस्टरला ओळखत ते एका मॅचमुळे. विशीच्या आत तो गव्हाचं शेत सोडून मेलबर्नला मोठ्या क्लबकडून खेळायला गेला. तसा तो साधाच खेळाडू. बचावात उभं राहायचं, समोरच्याला चेंडू मिळू द्यायचा नाही, वर्तमानपत्रात नाव आलंच तर शेवटच्या ओळीत. पण एका उपांत्य सामन्यात कुणाचं तरी कोपर त्याच्या जबड्यावर बसलं आणि तो आडवा झाला. ट्रेनरने नाकाखाली अमोनियाची बाटली धरली, गालावर दोन चापट्या मारल्या आणि त्याला परत आत पाठवलं. त्यानंतर तो जे खेळला ते सगळ्या राज्याने टीव्हीवर पाहिलं. समोरच्या संघाच्या सर्वांत मोठ्या खेळाडूला त्याने एकही गोल करू दिला नाही. शेवटच्या मिनिटाला तिघांच्या डोक्यांवरून झेप घेऊन त्याने चेंडू झेलला आणि सामना वाचवला. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं.

लेस्टरला मात्र त्या सकाळी ट्राममध्ये जागा मिळाली नव्हती एवढं आठवत होतं. त्यानंतर एकदम दुसरा दिवस. तो घरमालकिणीच्या स्वयंपाकघरात बसला होता, पुढ्यात वर्तमानपत्र होतं आणि त्यातला उडी मारणारा माणूस कोण, याचा तो विचार करत होता. ही गोष्ट त्याने तेव्हा कुणाला सांगितली नाही. सांगितली असती तर पुढच्या सामन्यात बाहेर बसवलं असतं. मग सांगायची वेळच निघून गेली. लग्नात, पबमध्ये, धान्याच्या काट्यावर लोक त्याला त्याची मॅच सांगत राहिले. ऐकून ऐकून त्याला ती इतकी पाठ झाली की कुणी चुकलं तर तो दुरुस्त करायचा.

पुढे डोक्याला आणखी दोनदा मार बसला, गुडघा गेला आणि क्लबने त्याला शांतपणे मोकळं केलं. तो गावी परतला, शेती केली, आयलीनशी लग्न केलं. पन्नाशीनंतर डोकं दुखायला लागलं. ऊन सोसेना. एकदा क्षुल्लक कारणावरून त्याने ताट भिंतीवर फेकलं आणि मग स्वतःच तुकडे गोळा करत रडला. एकदा भर दुपारी आपल्याच शेतात ट्रॅक्टर थांबवून बसला, घर कुठल्या दिशेला ते सुचेना. त्या दिवसापासून आयलीनने गाडीच्या किल्ल्या आपल्या खिशात ठेवल्या. मॅचचं गुपित फक्त तिला माहीत होतं. क्लबने त्याचं काम काढून घेतलं नाही. पट्ट्या बांधायला त्याचे हात पुरत होते.

खोलीत त्याने ब्रॉनला बाकावर बसवलं आणि आज कुणाशी खेळतोय, असं विचारलं. तिने आधीच्या आठवड्यातल्या संघाचं नाव घेतलं, मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून घाईने दुरुस्त केलं.

कोच डेनिस क्विगली दारात येऊन उभा राहिला. हा डेनिस शाळेत असताना लेस्टरचा फोटो वहीवर चिकटवून फिरत असे. नियमाने शेवटचा शब्द ट्रेनरचा होता, आणि डेनिसने आजवर त्याला कधी हुकूम सोडला नव्हता, आजही सोडला नाही.

"लेस, ठीक दिसतेय ती," तो म्हणाला. "चालत आली. एक भाग तर राहिलाय."

"ती खेळणार नाही."

"तू उठून खेळलास ना त्या दिवशी? यापेक्षा वाईट लागलं होतं तुला."

त्यावर ब्रॉनच बोलली. तिचा आवाज थोडा जड येत होता.

"डॅड, तुला तुझी मॅच मिळाली. मला माझी खेळू दे."

लेस्टर तिच्या पुढ्यात गुडघ्यावर बसला. गुडघा दुखला, पण तिच्या डोळ्यांना डोळा भिडवायचा तर दुसरा इलाज नव्हता.

"मला नाही मिळाली, पोरी," तो म्हणाला. "मला त्यातलं काही आठवत नाही. एक चेंडू आठवत नाही. लोक सांगतात म्हणून मी मान डोलावतो."

डेनिस दारातच थिजला. मग खाली बघत म्हणाला, "इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं."

बाहेर पुढच्या भागासाठी मुलींना बोलावत होते. डेनिस राखीव मुलीला तयार व्हायला सांगत निघून गेला. ब्रॉनने बापाचा हात झटकला आणि भिंतीकडे तोंड केलं.

टारानुक चार गुणांनी, म्हणजे एका गोलापेक्षाही कमी फरकाने, हरलं. शेवटचा गोल ब्रॉन जिला अडवत होती त्याच मुलीने मारला. लेस्टरला तोंडावर कुणी काही बोललं नाही. फक्त खाण्याचे पदार्थ विकायच्या खिडकीशी उभा असलेला एक जण, त्याला ऐकू जाईल इतक्या आवाजात, शेजारच्याला म्हणाला, "स्वतः हिरो झाला, पोरीला नाही होऊ दिलं." लेस्टरने ओले टॉवेल गोळा केले, मोजे वेगळे काढले, बादली पालथी घातली. डेनिसने कुणाला काही सांगितलं नाही हे त्याच्या लक्षात आलं. सांगितलं असतं तरी फारसा फरक पडला नसता, असंही त्याला वाटलं.

तेवढ्यात कपडे बदलायच्या खोलीमागे ब्रॉनला उलटी झाली. आयलीनने मैदानातच गाडी आणली.

इस्पितळ तासाभराच्या अंतरावर होतं. लेस्टर मागे बसला, ब्रॉनचं डोकं त्याच्या खांद्यावर. दोन्ही बाजूंनी मोहरीसारख्या कनोलाची शेतं उतरत्या उन्हात पिवळी पेटली होती. तिला उजेड लागू नये म्हणून त्याने आपली टोपी तिच्या डोळ्यांवर ओढली. हादरे बसू नयेत म्हणून आयलीन गाडी इतकी हळू हाकत होती की सामन्याहून परतणाऱ्या गाड्या त्यांना मागे टाकून जात होत्या. या रस्त्यावर गाडीला गाडी भेटली की चालवणारा स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो. आज कुणी उचललं नाही. आयलीनने मात्र प्रत्येकासाठी उचललं.

"डॅड," ब्रॉन टोपीखालून म्हणाली, "आपण जिंकलो का?"

लेस्टरने तिला सांगितलं. त्याला वाटलं, आता ती पुन्हा हात झटकेल. पण तिने त्याची बाही धरली. खोलीत काय झालं, ती त्याच्यावर किती चिडली, यातलं तिच्याकडे काहीच उरलं नव्हतं.

पुलापाशी तिने परत तेच विचारलं. आरशात आयलीनचे डोळे त्याच्याकडे वळले आणि पुन्हा रस्त्याला लागले.

"हरलो, पोरी. चार गुणांनी," लेस्टर म्हणाला, तिने आत्ताच पहिल्यांदा विचारल्यासारखं.