खुर्चीतला गाडीवान

मला स्टेजवर खुर्चीत बसवलं, हीच पहिली चूक. सगळी उमर मी छकड्यावर काढली, शर्यतीत बैल पळवले. गुडघा गेला तेव्हापासून माझ्या लाडक्या सर्ज्या बैलाचा कासरा नव्या गाडीवानाच्या, हितेशच्या, हातात आहे.

पळस्प्याच्या शर्यतीत सर्ज्याच्या मालकाने, निकेशने, माझा सत्कार ठेवला. शाल घातली आणि कानात म्हणाला, "काशिरामदादा, आज आरोळी नाय हां. तुमचा आवाज आयकला का बैल तुमच्याकडं वळतो."

जसं काही मला ठाऊकच नव्हतं!

झेंडा पडला. माझ्या टाचा खुर्चीखाली आपोआप आपटू लागल्या. शेजारून बायको, गोदूबाई, म्हणाली, "अवो, नीट बसा ना." सर्ज्याची जोडी पुढे होती, पण हितेश कासरा उगाच खेचत होता. सोड की गाढवा! आरोळी ओठांवर आली, तसं मी शालीचं टोक दातांत धरलं.

जोडी पहिली आली. निकेश नाचत आला आणि त्याने माझ्या हातात माईक कोंबला. "दादा, आता दोन शब्द बोला."

भाषणाचे शब्द मला कुठून येणार?

"चल सर्ज्या!"

भोंग्यांतून आवाज मैदानभर गेला. गळ्यातल्या हारासकट सर्ज्या वळला आणि जोडीदाराला, छकड्याला, लटकणाऱ्या हितेशला ओढत थेट स्टेजपाशी येऊन फुरफुरत थांबला. माणसं पांगली. निकेश कपाळ बडवत होता.

मी शाल गोदूबाईच्या मांडीवर टाकून खाली उतरलो.

"अवो, गुडघा!" ती ओरडली.

"तो बसल्यावरच दुखतो," मी म्हटलं, आणि छकड्यावर पाय ठेवला.