मशीनच्या पायाखालचं तिसरं कडवं

मित्रांनो, मला धड पुस्तकही म्हणता येणार नाही. मी एका जुन्या सिनेमाच्या गाण्यांची चोपडी आहे. सोळा पानं, मधोमध दोन पिना आणि वर निळ्या शाईत नायिकेचं चित्र. पूर्वी थेटराच्या दाराशी अशा चोपड्या विकायला असत. सिनेमा पाहून लोक बाहेर पडत आणि गाणी पाठ करायला आम्हाला घरी नेत. आता गाणं मोबाइलवर मिळतं. त्यामुळे तुमच्यापैकी बहुतेकांनी माझ्यासारखी चोपडी पाहिली नसेल.

माझ्या सिनेमात नऊ गाणी होती. सातव्या गाण्याला तीन कडवी होती, पण पडद्यावर दोनच ऐकू यायची. आम्ही आधीच छापून तयार असायचो, आणि सिनेमा लांबला की त्याला कात्री मागाहून लागायची. तिसरं कडवं असंच कापलं गेलं. ते माझ्या अकराव्या पानावर तेवढं राहिलं.

खामगावच्या थेटराबाहेर मला शालूबाईनं घेतलं. तिच्या लग्नाला तेव्हा दोन महिने झाले होते. देऊळघाटला परत जाताना तिनं एस.टी.त मला दोनदा वाचलं. ती चौथीपर्यंत शिकलेली होती, ओळीखाली बोट ठेवून वाचायची. शेजारी तिचा नवरा निवृत्ती शीळ घालत बसला होता. त्याला वाचायची गरज वाटत नव्हती. सगळी गाणी त्याला ऐकूनच पाठ होती.

ते माझे चांगले दिवस होते. शालूबाई कणीक मळताना मला समोर डब्याला टेकवून ठेवायची. माझ्या चौथ्या पानावर हळदीचं बोट उमटलंय, ते तेव्हाचं. गल्लीतल्या बाया मला मागून न्यायच्या आणि न फाडता परत आणून द्यायच्या. सातवं गाणं शालूबाईनं म्हणावं असं सगळ्यांना वाटायचं. ती तिन्ही कडवी म्हणायची.

पुढे गाणी पाठ झाली आणि मी तिच्या शिलाई मशीनच्या खणात गेले. ती गावातल्या बायांचे ब्लाउज शिवायची. मग घरात नवी फरशी बसली. फरशी कुठे वर, कुठे खाली. मशीन डुगडुगू लागलं. शालूबाई माहेरी गेली होती. ती यायच्या आत मशीन नीट करावं, असं निवृत्तीच्या मनात आलं. त्यानं खण उघडला, हाताला लागलेला पहिला कागद काढला, त्याची चौघडी केली आणि मशीनच्या पायाखाली सरकवली.

तो कागद म्हणजे मी होते. मित्रांनो, मला एवढा धक्का बसला की काय झालं हे कळायलाच वेळ लागला. लोखंडी पाय माझ्या पोटावर होता. निवृत्तीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मी आजही सांगते. पण त्यानं पाहिलं नव्हतं.

त्यानंतर वर्षभरानं शेजारी एक हळद होती. तिथं शालूबाईनं सातवं गाणं म्हटलं. तिसरं कडवं सुरू झालं तसं निवृत्तीनं सगळ्यांसमोर तिला अडवलं. तो म्हणाला, "मी सात वेळा पाह्यला तो सिनेमा. हे कडवं त्याच्यात नाहीच. तुह्या मनचं जोडून राह्यली तू."

मंडप हसला; मला वाचलेल्या बायाही पुरुषांसमोर तिच्या बाजूनं उभ्या राहिल्या नाहीत. निवृत्तीचा दोस्त अब्दुल गनी सगळ्यांत मोठ्यानं हसला. हे मला कळलं, कारण घरी आल्यावर शालूबाईनं तेच पुन्हा पुन्हा बोलत खण रिकामा केला, पेटी उपसली, गादीखाली पाहिलं. ती म्हणाली, "चोपडीत हाये ते. अकराव्या पानावर हाये. मी दाखवीन तुमाले."

निवृत्ती हसत म्हणाला, "मंग दाखव ना."

ती मशीनवर हात टेकून उभी होती. मी तिच्या पावलापासून वीतभर अंतरावर होते. मला ओरडावंसं वाटलं, पण कागदाला आवाज नसतो.

ती मला वर्षानुवर्षं शोधत राहिली. दर दिवाळीला घर झाडताना शोधायची. निवृत्तीसमोर तिनं ते कडवं पुन्हा कधी म्हटलं नाही. दोन कडवी झाली की थांबायची. तो बाहेर गेला की मात्र मशीन चालवता चालवता तेवढंच म्हणायची:

उशीर झाला तरी ये राजा,
उंबऱ्यातुनी हाक दे;
विझली असली जरी ही पणती,
जागी आहे, हाक दे.

तिचा पाय खाली-वर व्हायचा आणि तेच शब्द माझ्या पोटात दाबले जायचे.

मागच्या वर्षी शालूबाई गेली. मशीनवर चादर पडली. निवृत्ती त्या कोपऱ्याकडे पाठ करून जेवायला बसू लागला.

यंदा तोच सिनेमा कुणीतरी नव्यानं काढला. मलकापूरला लागला म्हणून सगळे दुपारच्या खेळाला गेले. निवृत्ती, त्याची सून सुचिता, नात छकुली आणि अब्दुल गनी. निवृत्ती जायला तयार नव्हता. छकुलीनं हट्ट धरला तेव्हा तो निघाला.

संध्याकाळी ते परतले आणि ओसरीत चहा घेत वाद सुरू झाला. छकुलीला सगळं आवडलं होतं, नाच तर फारच. सुचिताचं म्हणणं, घरं फार चकचकीत दाखवली, चुलीपाशी बसलेल्या बाईच्या साडीला डाग नाही. पण गाण्यांना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. गनी तापला होता. नवा नायक त्याला मुळीच पटला नव्हता, आणि त्याहून मोठी तक्रार वेगळी होती.

"गाण्याची पार वाट लावली यायनं," तो म्हणाला. "सातव्या गाण्यात एक नवंच कडवं घुसाडलं. काऊन? जुनं काय वाईट होतं?"

छकुली म्हणाली की तिला तेच कडवं सर्वांत जास्त आवडलं. तिनं ते गुणगुणून दाखवलं. उंबऱ्यातुनी हाक दे.

मी चादरीआड, फरशीवर, हादरून गेले. आम्हा चोपड्यांच्या अकराव्या पानाखेरीज जे कडवं कुठे नव्हतं, ते मोठ्या पडद्यावर वाजलं होतं. कुणाला तरी कुठेतरी जुना कागद सापडला असावा.

सुचितानं सासऱ्याला विचारलं, "मामाजी, तुमाले कसा वाटला?"

निवृत्तीच्या हातातला चहा गार झाला होता. मग तो म्हणाला, "नवं नाही ते कडवं. शालू म्हणे ते."

गनीनं कप खाली ठेवला. त्याचा चेहरा उतरला. हळूच म्हणाला, "हळदीत मी बी हसलो होतो, निवृत्ती भाऊ."

निवृत्ती उठला आणि त्यानं खण उघडला. पेटी उपसली. गादी उचलली. शालूबाईनं जिथं जिथं शोधलं होतं, तिथं तिथं त्यानं शोधलं. शेवटी थकून त्यानं मशीनवरची चादर काढली आणि तिच्या स्टुलावर बसला. दोन्ही हातांनी मशीन हलवून पाहिलं. ते हललं नाही. तो एकदम थांबला. मग खाली वाकला.

"मीच ठेवली होती," तो म्हणाला. "मीच ठेवली होती बे, गनी."

गनी आणि सुचितानं मशीन उचलून धरलं. निवृत्तीनं मला बाहेर काढलं, मांडीवर ठेवून हलक्या हातानं उलगडलं. लोखंडी पायाचा खळगा माझ्या सोळाही पानांना पडला आहे. पण अकराव्या पानावरची अक्षरं शाबूत होती. त्यानं ओळीखाली बोट ठेवलं आणि चार ओळी वाचल्या, तिच्यासारख्याच सावकाश. मग तो रडला. कुणी त्याला गप्प केलं नाही.

मित्रांनो, जुने कागद जपून ठेवा, त्यांची चौघडी करू नका, हे तर मी सांगेनच. पण घरातलं कुणी 'आहे, मी वाचलंय' असं म्हणत असेल, तर त्याच्याबरोबर तुम्हीही शोधा. खाली वाकून पाहा. ते माणूस घरात असेपर्यंत पाहा. मला बाहेर काढायला एवढीशी वाकण्याची मेहनत लागली, आणि तेवढ्याला उशीर झाला.

आता मी शालूबाईच्या फोटोपाशी असते. मशीन पुन्हा डुगडुगतं. निवृत्तीनं पायाखाली दुसरं काही ठेवलेलं नाही. रोज संध्याकाळी शेतातून आला की तो आत येण्याआधी उंबऱ्यात थांबतो, आणि आत कुणी असो वा नसो, हाक देतो.

"शालू, आलो मी."