अर्ध्या मिलिमीटरचं मतदान

रूळ जिथे दुभंगतो आणि गाडी या किंवा त्या फाट्यावर पाठवता येते, त्या जागेला सांधा म्हणतात. माझ्या सासऱ्यांच्या क्लबात, खोलीभर टेबलावर पसरलेल्या खेळण्यातल्या रेल्वेत, असे चौदा सांधे आहेत. ‘खेळण्यातल्या’ हा शब्द तिथे उच्चारायचा नाही. एकदा मी उच्चारला, तेव्हा शिंपीकाकांनी आठवडाभर माझ्याशी बोलणं टाकलं. ते तसेही कधी बोलत नसल्यामुळे मला हे दुसऱ्याकडून कळलं.

चौदाही सांधे अध्यक्षांनी स्वतःच्या हातांनी घडवले आहेत. अध्यक्ष दातांचे डॉक्टर. दाढा कोरायच्या यंत्राने त्यांनी रूळ कोरले आणि त्यांतल्या फटी इतक्या बारीक ठेवल्या की बघणाऱ्याने वाहवा करावी. चाकाची कड मात्र त्या फटीतून जायची असते, आणि तिथे सुबकपणाचा काही उपयोग नसतो. सांध्याचा दांडा ओढण्याचा मानही डॉक्टरांचाच. ते दांडा ओढतात, “लागला!” अशी आरोळी ठोकतात आणि गाडी पुढे जाते.

बाबांची गेली नाही. बाबा म्हणजे माझे सासरे. त्यांची सगळी नोकरी यंत्रांचे नकाशे काढण्यात गेली, आणि निवृत्तीनंतर दोन वर्षं खपून त्यांनी हे इंजिन बनवलं. रविवारच्या प्रदर्शनात ते धावावं, एवढीच त्यांची इच्छा. बुधवारच्या तालमीत ते पहिल्याच सांध्यावर तीनदा घसरलं.

“सूनबाई, बाबांच्या इंजिनाला अक्कलदाढ येतेय वाटतं,” डॉक्टर म्हणाले. सगळे हसले. हसणं हा सभासदत्वाचा भाग आहे.

“उपाय सोपा आहे,” भूगोलाचे मास्तर म्हणाले. “चाकं अर्धा मिलिमीटर बाहेर ओढा. आम्ही सगळ्यांनी ओढलीत.”

“सगळ्यांनी?”

“म्हणजे काय! इंजिनं कारखान्यातून चुकीचीच येतात.”

“वेगवेगळ्या कारखान्यांतून? आणि सगळी नेमकी अर्ध्याच मिलिमीटरने?”

“हल्ली कामाची काळजी आहे कुणाला?”

मी मोजमापांच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. त्या दिवशी पर्समध्ये एक पितळी ठोकळा नेला होता, चौदा पूर्णांक चार दशांश मिलिमीटर रुंदीचा. ठरलेल्या मापाप्रमाणे समोरासमोरच्या दोन चाकांमध्ये तो नेमका बसला पाहिजे. बाबांच्या चाकांत बसला. बाकीच्या अकरा इंजिनांत खुळखुळला.

“चूक सांध्यांत आहे,” मी म्हणाले. “फटी कानशीने जरा रुंद केल्या की झालं. एका दुपारचं काम.”

वायरिंग बघणाऱ्या गृहस्थांनी आधीच बंद असलेलं बटण पुन्हा बंद केलं.

“तेवीस वर्षं हे सांधे चालताहेत,” डॉक्टर मायेने म्हणाले. “तुमचा ठोकळा किती वर्षांचा?”

“चार.”

“मग?”

मग त्यांनी मतदान घेतलं. लांबीवर मतदान झालेलं मी प्रथमच पाहिलं. अकरा विरुद्ध शून्य. बाबांनी हात वर केला नाही, पण खालीही नीट ठेवला नाही. ठरलं ते असं: रविवारपर्यंत चाकं ओढली तर इंजिन धावेल, नाहीतर ते काचेच्या कपाटात ठेवलं जाईल. सन्मानाने.

घरी बाबा पक्कड घेऊन बसले.

“तू ओढ ना. मला नीट दिसत नाही.”

“दिसतं तुम्हाला. मी नाही ओढणार.”

“अगं, अर्धा मिलिमीटर! तेवढ्यासाठी अकरा माणसांशी वैर घ्यायचं?”

“तुमच्या हाताखालच्या माणसाने नकाशात अर्धा मिलिमीटर चुकवला असता तर?”

“सोलून काढला असता,” ते पटकन म्हणाले, आणि मग माझ्यावरच चिडले. “फार शहाणी आहेस. तुझं काय, तू ठोकळ्याशी गप्पा मारशील. मला बुधवारी जायला दुसरी जागा नाही.”

इंजिन त्यांचं होतं आणि बुधवारही त्यांचेच. मी खोलीतून बाहेर आले.

रविवारी सकाळी ते आंघोळीला गेले, तेव्हा मी इंजिनाची पेटी उघडून चाकांना ठोकळा लावला. नेमका बसला. मी पेटी होती तशी बंद केली.

प्रदर्शनाला शेजारच्या गावचा क्लब आपलं टेबल घेऊन आला होता. दोन्ही टेबलं जोडून गाड्या आरपार सोडायच्या, ही कल्पना डॉक्टरांचीच. पाहुण्यांचे सहा सांधे दुकानातले होते, काळ्या प्लॅस्टिकवर बसवलेले. “बाजारी माल,” डॉक्टर आमच्या मंडळींना म्हणाले, पाहुण्यांना ऐकू जाईल इतक्या हळू.

त्या मालावर आमची अकराच्या अकरा इंजिनं घसरली. पहिल्याला धूळ नडली, दुसऱ्याला विजेचा दाब, आणि तिसऱ्यापासून पाहुणे. अकरावं पडल्यावर खिडकीपाशी उभ्याउभ्याच कार्यकारिणीची बैठक झाली आणि पाहुण्यांना त्यांच्या सांध्यांबद्दल कडक पत्र लिहायचं ठरलं. पाहुणे चार हातांवर उभे होते.

बाबांनी आपली पेटी पाहुण्यांच्या टेबलाकडे नेली. “इथे लावू का?”

“लावा की, काका!”

इंजिन सहाही सांध्यांवरून गेलं आणि काहीही झालं नाही. चांगल्या सांध्यावर काहीच होत नसतं. मग ते आमच्या टेबलाकडे वळलं. डॉक्टरांनी दांडा ओढला, “लागला!” म्हणाले, आणि इंजिन घसरण्याची वाट बघत राहिले.

सांध्याच्या वीतभर अलीकडे बाबांनी इंजिन थांबवलं.

“या, या. घाबरू नका,” डॉक्टर म्हणाले.

“नको,” बाबा म्हणाले. “सांधा नीट करा, मग येतो.” आणि त्यांनी इंजिन मागे घेतलं.

डॉक्टर दांडा धरून उभेच राहिले. सोडावा की धरावा, यावर मतदान झालेलं नव्हतं.

भूगोलाचे मास्तर माझ्या शेजारी येऊन छताकडे बघू लागले. त्यांचं इंजिन पाठीमागे हातात होतं.

“सूनबाई, ठोकळा आणलाय?”

“आणलाय.”

“मला नको हो. शिंप्याला हवा होता.” त्यांनी डॉक्टरांकडे चोरून पाहिलं. “बुधवारी बाबांना पाठवा. आणि त्यांच्याकडे एखादी बारीक कानस द्या. डॉक्टर बुधवारी उशिरा येतात.”